बॉम्बला वन्समोर

आमच्या घरी रेडिओ नव्हता. बातम्या ऐकायच्या तर बाबा पाटलाच्या ओट्याखाली उभे राहत. वर बसा, असं आम्हाला कोणी म्हणत नसे.

घरातून कॉलेजात जाणारा मीच पहिला. यवतमाळला गॅदरिंगच्या संगीत नाटकात महायुद्धाच्या काळातलं रेडिओ केंद्र होतं, आणि लढाईची बातमी सांगणारा होतो मी.

बॉम्बच्या आवाजासाठी पत्र्याच्या पेट्या बनवणारे एक चाचा आणले होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गालात पान, मांडीवर पत्रा. वाजवण्याआधी ते त्यावर तबल्यासारखा हळूच हात फिरवत.

प्रयोगात बातमीची वेळ आली आणि मी पहिलंच वाक्य विसरलो. चाचांनी ते ओळखून धडाधड बॉम्ब टाकले. लोकांना ते गाण्यांहून आवडले. मागून "वन्समोर" सुरू झालं. चाचांनी उठून गवयासारखा सलाम केला आणि पुन्हा सगळे बॉम्ब टाकले.

मग विंगेतून मला म्हणाले, "बेटा, लढाई मी दोन डाव लढलो. आता तं खबर दे."

मला हसू आलं, आणि वाक्य आठवलं. भरल्या मंडपात मी बातमी शेवटपर्यंत सांगितली, आणि लोकांनी ती गप्प बसून ऐकली.