ताट कोणत्या बाजूने पाहावे

चित्रे पाहण्याची सवय असलेल्या माणसाला रोजच्या जेवणात, कपड्यांत आणि प्रवासात इतरांपेक्षा काही अधिक सुख मिळते का, आणि मिळत असेल तर ते दुसऱ्याला देता येते का, हा प्रश्न मी गेल्या हिवाळ्यात स्वतःपुढे मांडला. प्रश्नाचा पहिला भाग मला अवघड वाटत नव्हता. मी सांगलीतल्या एका हायस्कुलात निवृत्तीपर्यंत चित्रकला शिकवली, आणि लिंबाच्या सालीवरचा प्रकाश पाहून मला आजही बरे वाटते. दुसऱ्या भागाची मात्र मला निकड होती. माझ्या पत्नीचे जेवण दिवसेंदिवस कमी होत चालले होते.

पावसाळ्यात तिला ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना नाकाची वास घेण्याची शक्ती घेऊन गेला. वास नसला की जिभेला फक्त खारट, आंबट, गोड, कडू एवढेच कळते; जिऱ्याचे जिरेपण आणि तुपाचे तूपपण कळत नाही. डॉक्टरांनी सांगितले की वास परत येईल किंवा येणार नाही, कधी येईल ते सांगता येत नाही, तोवर तिने नीट जेवले पाहिजे. ती अर्धी भाकरी खायची आणि हात धुवायला उठायची. पुठ्ठा चावल्यासारखे वाटते म्हणायची. तिची पोलकी खांद्यावर ढिली दिसू लागली. त्याहून मला काळजी वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. फोडणी झाली की नाही हे ती जन्मभर वासावरून ठरवत आली होती. दोनदा फोडणी करपली, तेव्हा तिने गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरात येणेच सोडले.

स्वयंपाक माझ्याकडे आला. मी तो वर्गातल्या पाठासारखा आखला. नाक काम करत नसेल तर डोळ्यांना कामाला लावावे, असा माझा विचार होता.

वर्गात स्थिरचित्राच्या तासाला मी खिडकीजवळ टेबल ठेवून त्यावर एक लोटा, एक दुधी आणि दोन लिंबे मांडत असे. प्रकाश एका बाजूने आला की वस्तूला गोलाई येते, हे मुलांना सांगून कळत नाही, दाखवावे लागते. आमच्या घरात अशी मांडणी रोज आपोआप होते. आम्ही जैन, संध्याकाळचे जेवण सूर्य मावळण्याआधी होते. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे. त्यामुळे आमच्या ताटावर जो तिरपा, पिवळसर प्रकाश पडतो, तो मिळावा म्हणून चित्रकार खोली शोधत फिरतात.

रंगांची अडचण मात्र होती. कंदमुळे आमच्याकडे येत नाहीत, म्हणजे गाजर आणि बीट गेले, आणि त्यांच्याबरोबर सर्वांत सोपा तांबडा रंग गेला. तो मी टोमॅटोतून आणि डाळिंबाच्या दाण्यांतून मिळवला. हळद कंद असली तरी वाळवलेली चालते, आणि वरणाला ती सांगलीचीच, तेव्हा पिवळ्याची चिंता नव्हती. तांबड्याशेजारी हिरवा ठेवला की दोन्ही उठून दिसतात, हा नियम धरून मी डाळिंबाच्या कोशिंबिरीला लागून मेथी वाढली. जांभळ्यासाठी तासगावची काळी द्राक्षे ठेवली. दही मध्यभागी ठेवले, कारण डोळ्याला एक शांत जागा लागते.

पहिल्याच दिवशी गडबड झाली. तोल साधण्यासाठी मी मीठ आणि लिंबू उजवीकडे हलवले होते आणि भाजी डावीकडे.

तिने ताटाकडे पाहिले आणि विचारले, "मीठ तिकडं कुठं गेलं?"

मी तिला समतोल म्हणजे काय ते समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले, मग बोटाने मीठ डावीकडे ओढले, भाजीची वाटी उजवीकडे घेतली आणि अर्धी भाकरी खाऊन उठली. दुसऱ्या दिवसापासून मी डावे-उजवे जागच्या जागी ठेवले आणि फक्त रंगांवर काम केले. रोज वाढून झाले की खिडकीकडे पाठ करून ताटाकडे एकदा पाहायचो. पुष्कळदा ते खरोखर सुंदर दिसायचे. मी विचारायचो, कसे वाटते? ती म्हणायची, छान आहे. एकदा तिने चेष्टेने विचारले, "मास्तर, दहापैकी किती देऊ?" मला आशा वाटली. भाकरी त्या दिवशीही अर्धीच गेली.

मग मी ठरवले की तिला खरी चित्रे दाखवावीत. सातारा जिल्ह्यात एका टेकडीवर चित्रांचे जुने संग्रहालय आहे. मी तिथे कित्येकदा मुलांच्या सहली नेल्या, पण तिला कधी नेले नव्हते. घरात बसून तीही कंटाळली होती. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि आम्ही सकाळच्या एसटीने कराडला निघालो. तिथून दुसरी गाडी होती.

वाटेत दोन्ही बाजूंना उसाला तुरे आले होते. मी तिला खिडकीशी बसवले आणि ते दृश्य कसे पाहावे हे सांगू लागलो: वर आकाशाचा फिका पट्टा, खाली पात्याचा हिरवा, आणि मधे तुऱ्यांचा तो करडा-गुलाबी, ज्याला नेमके नाव नाही.

ती शेतकऱ्याच्या घरातली. ती म्हणाली, "तुरा आला की वजन घटतंय वो. तोड लवकर मिळाली न्हाई त्या बिचाऱ्यांना. ह्यात बघायचं काय?"

पुढच्या सीटवरचे एक वयस्क गृहस्थ मागे वळून तिला म्हणाले, बरोबर बोललात. त्यानंतर त्या दोघांचे कारखान्यांच्या तोडणीवर बोलणे झाले आणि मी एकटाच तुरे पाहत राहिलो.

संग्रहालयात मी तिला एका तैलचित्रासमोर नेले. काच लावलेल्या जुन्या चौकटीत एक स्त्री बसली आहे, हिरवी साडी, पुढे फळांचे तबक. मी तिला नजर आधी तबकावर का जाते, मग हातावरून चेहऱ्याकडे कशी चढते, ते क्रमाने सांगितले. माझे संपल्यावर ती म्हणाली, "मला तर ह्यात खिडकीच दिसतीया."

मी तिच्या जागी जाऊन पाहिले. समोरच्या खिडकीचा उजेड काचेवर पडून चित्राच्या मधोमध एक पांढरा चौकोन उमटला होता. मी उभा होतो तिथून तो दिसत नव्हता. ती थोडी बाजूला सरकली. "आता दिसली," ती म्हणाली, आणि त्या बाईकडे बराच वेळ पाहत राहिली. साडी हिरवी आणि पोलके मात्र पिकल्या बोरासारखे तांबडे, हे तिने स्वतः दाखवले. मग चित्रावरची नजर न काढता बोलली.

"घरी पण असंच होतंय वो. तुम्ही ताट मांडता ते मला दिसतच न्हाई. ताटात नुसती खिडकी दिसतीया."

मी विचारले, मग इतके दिवस बोलली का नाहीस?

"एवढं मन लावून मांडता. म्हटलं, असंल छान."

गोष्ट साधी होती आणि ती मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. चकचकीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश परतून समोरच्या बाजूला जातो. आमची ताटे स्टीलची. तिची जेवायची जागा खिडकीकडे तोंड करून; वाढणारा मी खिडकीकडे पाठ करून. मावळतीचे ऊन ताटावरून उसळून थेट तिच्या डोळ्यांत जात होते. डाळिंब, मेथी, द्राक्षे हे सगळे मला दिसत होते. तिच्या वाट्याला लखलखीत कडा आणि त्यामधे काळपट ढिगारे येत होते. मी रोज एक चित्र पुरे करत होतो आणि त्याचा एकमेव प्रेक्षक मीच होतो.

टेकडी उतरून आम्ही एका चिंचेखाली दशम्या सोडल्या. ऊन समोरून येत होते. तिने फडके उचलले, पलीकडे जाऊन उन्हाकडे पाठ केली आणि बसली. चटणीचा रंग जरा जास्त भाजल्याचा आहे, असे तिने मला सुनावले. दशमी पूर्ण संपली. तिने दुसरीचा तुकडा मोडला. मी झाडाकडे पाहत राहिलो.

घरी आल्यावर आम्ही जागा बदलल्या. तिच्या जुन्या जागेवर बसून मी पहिल्यांदा जेवलो, तेव्हा आमटीत मला खिडकीचे गज दिसले. तिने स्टीलचे ताट नको म्हटले आणि परसातले केळीचे पान मागितले. पानावर उजेड उसळत नाही, आणि त्या हिरव्यावर पांढरा भात ठेवला की माझ्या सगळ्या द्राक्षांची गरज उरत नाही. मग सूचना सुरू झाल्या. वरण फिके आहे. टोमॅटो उद्या बारीक चिरा, रस पसरतो. एक दिवस मी फोडणी करत असताना ती मागे येऊन उभी राहिली, कढईत वाकून पाहिले, "आता, आता घाला," म्हणाली, आणि माझ्या हातून पळी घेतली. जिरे कोणत्या तपकिरीवर आले की उतरवायचे हे तिच्या डोळ्यांनाही ठाऊक होते. नाक असताना त्यांना कुणी विचारले नव्हते.

त्याच महिन्यात तिने कपाटातली राखी-निळी साडी काढली आणि तिच्यावर तांबडे खणाचे पोलके हवे म्हणून मला बाजारात नेले. दुकानदाराने ट्यूबलाइटखाली खण पसरले. ती म्हणाली, इथे काही कळायचे नाही, आणि चार खण उचलून सरळ रस्त्यावर उन्हात गेली. दुकानदार मला म्हणाला, "काकू लय पारखी आहेत."

आता उत्तर. वास परत आलेला नाही. कधी कधी ती वाफेवर नाक धरून म्हणते की काहीतरी आले, आणि मग म्हणते की नाही. पण भाकरी आता पूर्ण जाते, आणि मेथी असेल तर ती दुसरीही मागते. तिच्या जेवणाची चव परत आली असे मी म्हणणार नाही. जेवायला बसावेसे वाटणे परत आले आहे, आणि मला सध्या तेवढे पुरते. चित्रांतून मिळणारे सुख दुसऱ्याला देता येते, असे माझे मत झाले आहे. मात्र त्याआधी तो माणूस बसतो तिथे जाऊन बसावे लागते.

हे माझ्या एका घरातले निरीक्षण आहे. त्यावरून नियम करणे घाईचे होईल. म्हणून वाचकांना विनंती आहे. संध्याकाळी, दिवे लावण्याआधी, खिडकीजवळ स्टीलचे ताट नेहमीसारखे वाढा. एकदा खिडकीकडे पाठ करून त्याच्याकडे पाहा, मग उठून समोरच्या जागेवर बसून पाहा. तुमच्या घरात त्या जागेवर कोण बसते, तेही पाहा. मी लिहिले त्याहून वेगळे दिसले, तर माझे चुकले असे समजावे.