भाताला लाल शेरा

दादानं भात सोडला हे वहिनीनं फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी नवस असेल. माझा थोरला भाऊ देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झाला आणि तेव्हापासून कान्ह्याजवळच्या आमच्या गावी इंद्रायणी तांदूळ पिकवतो. दोन्ही वेळा भात, सकाळी पेज. नवसासाठी त्यानं चहा सोडला असता, तंबाखू सोडली असती. भात सोडणाऱ्यातला तो नव्हे.

"नवस न्हाई वो वन्सं," वहिनी म्हणाली. "रक्त तपासलं त्येंचं. भात इखावानी हाय म्हनं त्येंना. आन् दूद, शेंगदानं, बाजरीबी."

झालं होतं ते असं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्यानं, म्हणजे दादाच्या मुलानं, बापाचं पोट सारखं फुगतं म्हणून त्याला लोणावळ्याच्या एका आरोग्य-निवासात पाठवलं. डोंगरकडेला काचेच्या खोल्या, आवारात आणून बसवलेले गोल दगड, आणि सकाळी उपाशीपोटी प्यायला गव्हाच्या गवताचा हिरवा रस. आयुष्यभर गवत बैलांना घातलेल्या माणसाला त्यांनी तो रस पेलाभर पाजला. जाताना रक्त काढून घेतलं आणि मागाहून रंगीत अहवाल पाठवला.

मी त्या रविवारी गावी गेले आणि तो अहवाल पाहिला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हसणारी गोरी बाई. आत पदार्थांची चित्रं आणि त्यांच्यासमोर लाल, पिवळे, हिरवे ठिपके. अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात, तपासणीचं नाव होतं: आयजीजी फोर.

ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. कारण माझी उमेदीची सगळी वर्षं पुण्याच्या एका प्रयोगशाळेत हेच मोजण्यात गेली आहेत. शरीरात बाहेरचं काही आलं की रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. त्यातल्या आयजीजी नावाच्या प्रतिपिंडाचे चार उपप्रकार आहेत आणि कुठल्या आजारात कुठला वाढतो हे आम्ही शोधायचो. हत्तीरोगाच्या रोग्यांचं रक्त बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये घालायचं, धुवायचं, पुन्हा धुवायचं आणि पिवळा रंग चढण्याची वाट बघायची. चौथा उपप्रकार त्या चारांतला थंड डोक्याचा. एखादी गोष्ट शरीरात वर्षानुवर्षं येत राहिली आणि शरीरानं तिच्याशी जमवून घेतलं की तो वाढतो. मधमाश्या चावून चावून निर्ढावलेल्या मधपाळाच्या रक्तात तो भरपूर सापडतो. म्हणजे दादाच्या रक्तात भाताविरुद्ध तो सापडला याचा अर्थ एवढाच, की हा माणूस भात खातो. हे कळायला रक्त कशाला काढायला हवं? मावळात कुणालाही विचारलं असतं तरी चाललं असतं.

पण दादाकडे पाहिलं आणि राग गिळला. सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटली होती. खाचराच्या बांधावर चढताना तो मध्येच बसला आणि बराच वेळ उठला नाही. भाचा दर आठवड्याला कुरिअरनं किनोआ आणि बदामाचं दूध पाठवत होता. पिकलेल्या साळीच्या वासात बसून माझा भाऊ तो परदेशी भरडा चमच्यानं चिवडायचा.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुजं सांगनं तोंडी हाय," तो म्हणाला. "ह्ये छापील हाय."

दुसऱ्याच दिवशी मी वहिनीला घेऊन लोणावळ्याला गेले. समोर आली ती ताठ पाठीची एक तरुणी. तिच्या छातीवरच्या पट्टीवर 'आहार-मार्गदर्शक' असं लिहिलेलं होतं. तिनं आम्हाला गवती चहा दिला आणि डोळे मिटून एक मोठा श्वास घ्यायला सांगितलं. मी डोळे उघडे ठेवले.

"ज्यानं कधी भात खाल्लाच नाही, अशा माणसाच्या रक्ताशी तुम्ही हे ताडून पाहता का?" मी विचारलं.

"मॅम, प्रत्येक बॉडी युनिक असते," ती म्हणाली.

"पण आयजीजी फोर वाढणं म्हणजे सवय झाल्याची खूण आहे. तुम्ही तिला आजार कसं म्हणता?"

"मॅम, तुमची एनर्जी खूप हीट झालीय. तुम्ही स्वतःची टेस्ट का नाही करून घेत?"

शेजारच्या गाद्यांवरचे मुंबईकर माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत होते. वहिनी मात्र चहा तोंडाला लावून खाली ठेवत म्हणाली, "आमच्या बांदाला उगवतोय ह्यो. आमी न्हाई इकत."

मी उठणार होते. पण त्या मुलीच्या शेवटच्या वाक्यानं माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी बाही वर केली आणि म्हणाले, "घ्या रक्त."

काही दिवसांनी माझा अहवाल आला. तीच हसणारी बाई. भात लाल, शेंगदाणे लाल, दूध पिवळं. म्हणजे मी रोज जे जे खाते ते सगळं माझं वैरी. शेवटच्या पानावर मासळी होती, आणि तिथं कोलंबीसमोर टपोरा हिरवा ठिपका: 'आपल्यासाठी सुरक्षित. आहारात मुक्तपणे समावेश करा.'

मी तो कागद घेऊन तडक गावी गेले. दादा ओटीवर बसला होता. चष्मा लावून त्यानं पानं उलटली. हिरव्या ठिपक्यावर त्याचं बोट थांबलं.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरपणाला आले होते तेव्हा वहिनीनं कौतुकानं सुकटीची चटणी केली होती. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबीच. दोन घासांत माझे ओठ फुगले, डोळे मिटले, घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. दादानं मला मोटारसायकलवर आपल्या पाठीशी पदरानं बांधलं आणि कामशेतच्या डॉक्टरकडे पळवलं. इंजेक्शन द्यायला थोडा उशीर झाला असता तर मी वाचले नसते, असं डॉक्टर त्यालाच म्हणाले होते. त्यानंतर त्या घरात सुकट शिजली नाही. अशी ॲलर्जी वेगळ्याच प्रतिपिंडामुळे होते, आणि ते या लोकांनी मोजलेलंच नव्हतं. मी इतकी वर्षं कोलंबी खाल्ली नाही, म्हणून त्यांच्या यंत्राला माझ्या रक्तात काही दिसलं नाही, आणि न दिसलेल्याला त्यांनी हिरवा रंग फासला.

पण त्या दिवशी यातलं काही मला सांगावं लागलं नाही.

"ह्ये तुला सुकट खा म्हनत्यात?" दादानं विचारलं. त्याचा आवाज चढला होता. "मारत्याल की लोकास्नी!"

"व्हय," वहिनी म्हणाली. "आन् तुमी त्येंचं ऐकून वाळत चाललाय."

दादा उठला. आत जाऊन त्यानं स्वतःच तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं. वहिनीनं भात टाकला. जेवताना तो कुणाकडे बघत नव्हता आणि आम्हीही त्याच्याकडे बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्याला तळेगावच्या एका साध्या, म्हाताऱ्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, आणि दादा दिवसभर भाजलेले हरभरे खात असतो हे त्याच्याकडूनच काढून घेतलं. हरभरे कमी झाले तसं पोट फुगायचं थांबलं. अंगावर मांस चढायला मात्र पुढचा उन्हाळा उजाडला.

त्या आरोग्य-निवासाकडे मी लेखी तक्रार केली. त्यांचं उत्तर आलं, सोबत पुढच्या शिबिरासाठी सवलतीचं कूपन. जुन्या हायवेवर त्यांची पाटी आता आधीपेक्षा मोठी झाली आहे आणि शनिवारी गाड्या लावायला जागा नसते. शिकलेली, कमावती माणसं स्वतःच्या पायांनी तिथं जातात, स्वतःच्या ताटातलं जेवण विष आहे असं लिहून घेतात आणि आभार मानून परततात. त्यांची मला कीव येत नाही.

भाच्याला फोन करून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आत्या, त्या लॅबची चूक असेल. आता केसांवरून टेस्ट करतात, ती जास्त ॲक्युरेट असते. बाबांचे थोडे केस पाठवशील?"

"तुझ्या बाबांना टक्कल आहे," मी म्हणाले.

"तू फार निगेटिव्ह असतेस, आत्या."

त्यानं फोन ठेवला. पुढच्या रविवारी तो आला, आमटीभात दोनदा वाढून घेतला, आणि जाताना नव्या तांदळाचं पोतं गाडीच्या डिकीत टाकून घेऊन गेला.