एक माणूस बाहेर

सात-आठ वर्षांपूर्वी मी तरुण होते. एकसष्ट वर्षांची. गुडघ्यांना तेल लागत होतं, पण ग्रामपंचायतीत मला खुर्ची होती. खुर्चीनं बाईमाणूस कसं चढून जातं, ते तेव्हाची मी आठवली की कळतं.

आमचं गाव तेलगाव आणि दिंद्रुडच्या मधलं. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन कापून रानात गंजी लागते, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस ईज घेऊन येतो. गंजी भिजली की वर्षाचं पीक कुजलं. म्हणून आभाळ भरलं की माणसं ताडपत्री घेऊन रानाकडं पळतात, आणि मोकळ्या रानात आभाळाला तीच सगळ्यात आधी दिसतात. आदल्या साली शेजारच्या शिवारात बापलेक असेच गेले. त्यानंतर गावात आपत्ती समिती झाली आणि अध्यक्ष मला केलं.

मी काय केलं? फलक रंगवले. ‘विजा चमकताना झाडाखाली थांबू नका.’ खाली माझं नाव, मजकुरापेक्षा मोठ्या अक्षरांत. एक फलक तर मी पारावरच्या लिंबालाच ठोकून घेतला. तो वाचायचा तर झाडाखालीच थांबावं लागे. हे माझ्या ध्यानात यायला चार महिने लागले, तेही नातवानं दाखवल्यावर.

मग तहसिलातून एक मॅडम आल्या. माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. मी त्यांना फलक दाखवत गावभर फिरवलं. त्यांनी सगळं पाहिलं आणि चावडीवर बसून म्हणाल्या, “काकू, फलक किती लावले ते मला नको. ईज कडाडली तेव्हा गावातली किती माणसं उघड्यावर होती, ते सांगा.”

“ते कसं सांगावं बाई?”

“तेच तर सांगायचंय यंदापासून. काय केलं ते नाही, त्यानं काय फरक पडला ते. फरक दिसला की निधीचा पुढचा हप्ता.”

पुढच्या हप्त्यात शाळेवर वीज अटकाव यंत्र बसणार होतं, रानात दोन पक्के निवारे होणार होते. सरपंचांचे डोळे चमकले. माझं तोंड आंबट झालं. एवढे फलक काय पाण्यात गेले?

पण कामाला लागलो. मोबाइलवर इशारा आला की मशिदीत बांग देणारे बांगीसाहेब भोंग्यावरून सांगणार. ते दिवसा पंक्चरचं दुकान चालवत, आणि त्यांचा आवाज चांगला खणखणीत. रानातल्या सगळ्यांनी घराकडं निघायचं, गंजी झाकायला कुणी जायचं नाही. घरातलं प्रत्येक माणूस आत आलं की दाराबाहेर सूप टांगायचं, म्हणजे गल्लीत नुसती नजर टाकली तरी कळेल. सुपाची युक्ती माझी. ती मी इतक्यांदा सांगितली की सून मला पाहिलं की सूप लपवायला लागली.

जाताना मॅडमनी विचारलं, “भोंगा ऐकू न येणारं कुणी आहे का गावात?”

“आमच्या गावात असं कुणी न्हाई,” मी ठणकावून सांगितलं. घरी आले आणि मालकांना जेवायला हाका मारल्या. एक, दोन, तीन. चौथीला त्यांनी मान वर केली. तरी या बाईच्या डोक्यात उजेड पडला नाही! चाळीस वर्षं ज्या माणसाशी ओरडून बोलले, तो मला बहिरा वाटतच नव्हता. मला वाटायचं, माझा आवाजच मोठा.

त्या साली दसरा झाला आणि दुपारनंतर उत्तरेकडून आभाळ काळंनिळं होत आलं. भोंगा वाजला. “सब लोगां घर को आओ. इजांचा इशारा हाय. गंजी झाकाया कुणी जाऊ नका, हात जोडतो.” माणसं खरंच यायला लागली. बायका डोक्यावर पोती घेऊन, गडी बैल हाकत. एकेका दारावर सूप चढलं. मी उंबऱ्यात उभी राहून ऐटीत बघत होते.

सून मागून म्हणाली, “आत्या, मामा कुठंत?”

मालक जेवून गंजीकडं गेले होते. लेकानं फोन लावला. तो आतल्या खोलीत, खुंटीवरच्या सदऱ्यात वाजला.

पहिली ईज कडाडली. लेक उठला. मोटारसायकलची चावी कोनाड्यात होती. तिथं मी त्याच्या आधी पोचले. गुडघ्यांना कसं जमलं, देव जाणे.

“आई, चावी दे.”

“न्हाई.”

“बाप हाय माझा!”

“मग माझा कोण हाय? एक बाहेर हाय, दोन न्हाई होऊ द्यायचे मला.”

“तू तर आता अध्यक्षच झालीस घरातबी!”

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि माझ्याकडं बघेना. चावी मी पोलक्यात खोचली होती, ती टोचत होती. मी बरोबर करतेय की या पोराला आयुष्यभर बापाचा घोर लावतेय, काही कळत नव्हतं. नियम मीच केलेला, आणि त्या घटकेला तो मोडायला मी कुणाचेही पाय धरले असते.

समोरच्या दारातून सरपंच ओरडले, “काकू, सूप टांगा की! तुमचं एकलंच राहिलंय. मॅडमला फोन करायचाय मला.”

“मालक आले न्हाईत.”

“येतील हो. टांगून तर ठेवा!”

सुनेनं सूप उचललं होतं. मी तिच्या हातून घेतलं आणि छातीशी धरून उभी राहिले. पाऊस असा की समोरचं दार दिसेना. उजेड पडायचा, मी डोळे मिटायचे, आणि आवाज यायच्या आत मनात म्हणायचे, हा लांबचा, हा लांबचा. मग एक असा आला की फडताळातल्या ताटल्या वाजल्या. तो लांबचा नव्हता. लेकानं कानावर हात घेतले. मी त्याला जवळ घ्यायला हवं होतं. पण पाय उंबऱ्यातून निघेनात.

पाऊस उघडल्यावर मालक आले. भिजलेले, शांत. “गंजी झाकून आलो,” म्हणाले. “चहा टाका.”

“भोंगा वाजत होता!” लेक त्यांच्या कानात ओरडला.

“कव्हा?” त्यांनी विचारलं. मग धोतर पिळता पिळता सांगितलं, “बांधावरची बाभूळ मधोमध चिरली रे. ताडपत्रीचा दोर सोडाया मी तिथंच उभा होतो. गाठ सुटली तसा गंजीकडं सरकलो, आन् मागं ईज पडली.”

मी तोंड सोडलं. त्यांना त्यातलं जेवढं सोयीचं तेवढं ऐकू आलं. मग त्यांचं डोकं पुसायला पदर घेतला, तर सूप अजून हातातच होतं. सुनेनं पुसलं.

आठ दिवसांनी मॅडम आल्या. सरपंचांनी आधीच सांगून टाकलं, “सगळं गाव आत होतं मॅडम. कुणालाबी काही झालं न्हाई. फरक दिसला ना?”

“काकू?” मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.

“एक माणूस बाहेर होता,” मी म्हणाले. “माझाच. त्याला ऐकू येत न्हाई, आन् हे मी तुमच्यापासून लपवलं न्हाई, मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. तो वाचला तो दोराची गाठ लौकर सुटली म्हणून. त्यात समितीचं काय?”

सरपंच चिडले. “काकू, हप्ता जाईल! मालक तर जिवंत हायत ना?”

“जिवंत हायत, म्हणून तर लिहा म्हणते. मेल्यावर सगळेच लिहितात.”

मॅडमनी लिहिलं. हप्ता वर्षभर लांबला, आणि सरपंच संक्रांतीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. लेक मात्र त्या पावसाच्या दुसऱ्या दिवसापासूनच बापाबरोबर रानात जायला लागला, न सांगता.