परब सरांनी उतरवलेला हुक

"मॅडम, या खाली! हुक ठणठणीत आहे, दिसतंय की!" राणे खालून ओरडले. ते व्यायामशाळेचे कार्यवाह. मी शिडीच्या टोकावर उभी होते आणि मशीनच्या स्क्रीनवर, जिथे काही दिसायला नको, तिथे एक बारीक उंचवटा दिसत होता.

मी गोदीतल्या क्रेनचे हुक तपासते. अल्ट्रासोनिक टेस्टिंग. माझी भाची दादरच्या या व्यायामशाळेत टांगता मल्लखांब शिकते. छताच्या गर्डरला हुक, हुकाला साखळी, साखळीला लाकडी खांब आणि त्या खांबावर उलट्या लटकणाऱ्या मुली. एकदा तिला आणायला गेले आणि सवयीने वर पाहिलं. खांब, साखळी वेळच्या वेळी बदललेली. हुक मात्र तिला शिकवणाऱ्या परब सरांच्या गुरूंनी बसवलेला, तोच. मी सरांना विचारलं, "तपासू का?"

"तपास गो बाय. माझी पोरां लटकतत थंय."

लोखंडही थकतं. तार एकदा वाकवली तर काही होत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. हुक प्रत्येक उडीचा झटका सोसतो आणि कुठेतरी केसाएवढी चीर सुरू होते. आम्ही प्रोब टेकवून कानाला ऐकू न येणारा आवाज धातूत सोडतो. वाटेत चीर असली की तो तिथूनच परत फिरतो. प्रोब आणि धातू यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून जेल लावतात. ते मी नेमकं घरी विसरले होते. सरांनी खांबाला चोळायचं एरंडेल पुढे केलं. कंपनीच्या महागड्या जेलनेही इतका स्वच्छ सिग्नल मला क्वचितच मिळाला असेल.

अडचण एकच होती. हुकाच्या दांड्याला वर आटे असतात, त्यावर नट. आटेही आवाज परत पाठवतात. मग हा उंचवटा आट्याचा की चिरेचा? मी प्रोब दांड्याच्या वरच्या टोकावर कडेकडेने गोल फिरवला. आटे सगळीकडून सारखे दिसतात. हा एका बाजूला वाढत होता आणि दुसऱ्या बाजूला गायब. तोही नटाच्या खालच्या कडेलगत, जिथे सगळा भार येतो तिथेच.

"सर, मला शंका आहे," मी म्हणाले.

साइटवर या वाक्यानंतर साहेब विचारतात, "किती टक्के?" मग मीटिंग होते. तोवर क्रेन चालूच. इथे मी शिडी उतरेपर्यंत सरांनी खांब साखळीतून सोडवून भिंतीला टेकवला होता. मग म्हणाले, "हं. आता सांग."

राणे वैतागले. "रविवारी वर्धापनदिन आहे, पाहुणे येतायत! तोपर्यंत टिकेल ना?"

"बहुतेक टिकेल. वर्षभरही टिकेल. चीर अगदी सुरुवातीची वाटते."

"मग झालं तर!"

"बहुतेक म्हणाली ती," सर म्हणाले. "पोरींच्या आयांना मी 'बहुतेक' सांगू काय?"

टांगत्या मल्लखांबाचा कार्यक्रम रद्द झाला. मुली रडल्या. सरांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि रविवारी त्यांना जमिनीत पुरलेल्या मल्लखांबावर उभं केलं. भाची आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

नवा हुक तर बसवायचाच होता. पण चीर खरंच आहे का, हे कळायला जुना कापावा लागणार होता. गुरूंची वस्तू, म्हणून मी चाचरतच विचारलं.

"काप," सर म्हणाले. "नुसत्या शंकेवर पोरींचा कार्यक्रम बुडवलाय मी. खरं काय ते त्यांना कळायला हवं."

"आणि चीर नाही निघाली तर?"

"तर त्यांची माफी मागेन. त्यात काय!"

माझाच जीव टांगणीला लागला. लॅबमध्ये दांडा उभा कापला, घासून चकचकीत केला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. आट्याच्या खाचेतून चीर आत शिरलेली होती. खरं सांगते, हुश्श वाटलं.

फोटो पाहून राणे म्हणाले, "एवढीशीच?" सरांनी तो फोटो मुलींना दाखवला आणि नव्या हुकाखाली सरावाला लावलं.

हुक तुटला की धोक्यावर सगळ्यांचाच विश्वास बसतो. न तुटलेला हुक उतरवणारा माणूस मला इतक्या वर्षांत एकच भेटला, तोही कामाच्या जागेबाहेर.