आधीच फेडायचा नवस

टँकरच्या रांगेत आमच्या आत्याबाई कधी भांडल्या नाहीत. त्या नुसत्या बोलल्या तरी समोरच्याला भांडल्यासारखं वाटायचं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. लातूरला रेल्वेने पाणी आलं तो उन्हाळा. चाकूरला आमच्या गल्लीत टँकर यायचा आणि रांगेतले पुरुष नवा जिल्हा कुठे होणार यावर तावातावाने वाद घालायचे. "जिल्हा करा न्हाईतर राजधानी करा, पर हांडा सरकवा पुढं," असं म्हणत आत्याबाई स्वतःचाच हंडा पुढे सरकवायच्या.

त्याच उन्हाळ्यात लातूरच्या एका दवाखान्यात माझे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार सुरू झाले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. आम्ही बौद्ध, तरी कुणी दर्ग्याला जा म्हणे, कुणी देवीला नवस बोला म्हणे. "बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर हाय हे. नवस बसत न्हाई त्यात," असं म्हणत आत्याबाई त्यांना परस्पर वाटेला लावायच्या. पण दवाखान्याचा खर्च कळला तेव्हा त्या आपली बोरमाळ घेऊन सराफाकडे जाऊन आल्या. माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या हातावर पैसे ठेवत म्हणाल्या, "देवाचा नवस काम झाल्यावर फेडायचा असतोय. ह्या डॉक्टरचा आधीच फेडायचा!"

इंजेक्शनं थंड ठेवावी लागत आणि आमचा फ्रिज नेमका बिघडलेला. समोरच्या दूध डेअरीत ठेवून या, पण कुणाला सांगू नका, असं मी आत्याबाईंना बजावलं. त्यांनी भर गिऱ्हाइकांत डबा पुढे केला. "नीट ठेव रे बाबा, आमच्या सुजाताच्या लेकराची दवा हाय. दह्याखाली दाबू नको." संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. मी अबोला धरला. "चोरीची हाय का दवा?" एवढंच त्यांचं म्हणणं.

पहिला प्रयत्न फसला, दुसराही फसला. मग डॉक्टरांनी दुसऱ्या बाईचं बीज घेण्याचं सुचवलं. बाई दवाखानाच शोधणार, तिला मोबदला आपण द्यायचा. मिलिंद लगेच तयार झाला. सुयांनी आणि वाट बघण्याने मी मेटाकुटीला आले होते, पण जिच्यासाठी बोरमाळ विकली तिने 'पुरे' कोणत्या तोंडाने म्हणायचं?

घरी आल्यावर भाकरी थापता थापता आत्याबाईंनी चौकशी सुरू केली.

"ती बाई कोण?"

"नाव सांगत न्हाईत."

"तिला बी सुया टोचत्यात?"

"हाव, माझ्यासारख्याच."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "ज्याला करायचं त्यानं करावं. पाप म्हणत न्हाई मी, लई घरात त्यानं पाळणा हालला असंल. पर तुला पायजे का, ते सांग."

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी नाही, मिलिंदने नाही. "न्हाई. आता काहीच नको," मी म्हणाले आणि ढसाढसा रडले.

मिलिंद चिडला. "म्हंजे माय, तुझी बोरमाळ वायाच गेली की!"

"माळ इकून दवा आणली म्या," आत्याबाई कडाडल्या, "सून इकत घेतली न्हाई."

विषय तिथे मिटला. मिलिंदचा रुसवा निवळायला मात्र पुढचा सगळा पावसाळा गेला.

गेल्या वर्षी आत्याबाई गेल्या. शेवटचे दिवस त्या नांदेडच्या दवाखान्यात होत्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी एकदा माझी चौकशी केली: ही कोण, हिला लेकरं किती. मी मोसंबी सोलत होते. हा प्रश्न आला की सांगणारा आवाज खाली आणतो आणि ऐकणारा 'अरेरे' म्हणतो, हे मला पाठ झालं होतं. मी सवयीने मान खाली घातली.

आत्याबाईंचा आवाज खोल गेला होता, तरी तो त्यांनी आणखी खाली आणला नाही. "सून हाय माझी. लेकरू न्हाई तिला. मजेत हाय."

त्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. खरं आहे का, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं असावं.

मी मान वर केली. "हाव," मी म्हणाले, "मजेत हाय मी."