मुदत भत्त्याची

डिसेंबर २०२०. कंपनीचा वर्षाचा आरोग्यभत्ता वाया जाऊ नये म्हणून मी डून लेरी या गावातल्या एका औषधांच्या दुकानात शिरलो आणि खोकल्याची बाटली, व्हिटॅमिन्स, डोकेदुखीच्या गोळ्या टोपलीत भरल्या. काउंटरवरच्या फार्मासिस्ट बाईंनी केसांत खोचलेलं पेन काढलं.

"काय त्रास होतोय?"

"काहीच नाही. भत्त्याची मुदत संपतेय."

त्यांनी एकेक वस्तू शांतपणे परत जागेवर ठेवली. "भत्त्याची संपतेय, तुमची नाही," म्हणत माझ्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळला. आकडा दोनदा तपासला, कागदावर लिहिला. "आजच डॉक्टरांना दाखवा. त्यांची फीसुद्धा भत्त्यात बसते."

फी बसली. आता ब्लडप्रेशरच्या महिन्याच्या गोळ्या त्या बाईंकडूनच घेतो. आधी दंड, मग गोळ्या, हा बाईंचा नियम. मी निमूटपणे दंड भरतो.