आबांनी पारखलेला कॅमेरा

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी कॅमेरा घेतला. मी घेतला असं म्हणते खरं, पण पारखला तो आबांनी, माझ्या वडिलांनी. मी नुसती शेजारी उभी होते. आता आमच्याकडे बैल नाहीत, नांगरट ट्रॅक्टरनं होते आणि आबा बाजाराला जायचे बंद झालेत. म्हणूनच की काय, तो दिवस अलीकडे फार आठवतो.

आमचं घर पालीत, राजगडाच्या पायथ्याला. शनिवार-रविवारी गडावर जाणारे लोक आमच्याकडे पिठलं-भाकरी खायला थांबतात. आई करायची, मी वाढायचे. एकदा एका ताईंनी त्यांचा कॅमेरा माझ्या हातात दिला. अंगणातूनच मी गडाकडे रोखला, तर तटाच्या फटीत उगवलेलं गवत हलताना दिसलं. गड मी जन्मापासून बघत होते, ते गवत कधी दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून मला कॅमेरा हवा होता. वाढण्याच्या कामाबद्दल आई माझे म्हणून थोडे पैसे बाजूला ठेवायची, ते मी दोन वर्षं मोडले नाहीत.

कुठला घ्यायचा हेही मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून ठरवलं होतं. पातळ, रुपेरी, मागं मोठा स्क्रीन असलेला. भोरला कॉलेजच्या वाटेवर एक नवं दुकान झालं होतं, तिथं तो होता. पण आबा म्हणाले, "एवढी मोठी वस्तू घ्यायची तर चार डोळं पायजेत. म्या येतो."

गावात कुणालाही बैल घ्यायचा असला की आबांना सोबत नेत. एसटीत बसल्यावर त्यांनी मला बाजाराची रीत सांगितली. "पसंत पडलं तरी त्वांडावर दावायचं न्हाई. आपण होऊन हात लावायचा न्हाई. खोडी काढायच्या. आन भाव जमंना तर उठून चालाय लागायचं. इकणारा हाक मारतोच."

"आबा, ते दुकान आहे."

"दुकान असू दे न्हाईतर बाजार. इकणारा त्यो इकणाराच."

दुकानदार पुण्याहून येऊन-जाऊन करणारा तरुण होता. त्यानं माझा रुपेरी कॅमेरा काचेवर ठेवला. आबांनी लांबूनच बघितलं.

"लई चकाकतंय," ते म्हणाले. "चकाकणारं जनावर आधी उन्हात काढावं."

"काय म्हणाले काका?" दुकानदारानं मला विचारलं. माझे कान गरम झाले. बाहेर नेऊन बघायचाय, असं मी कसंबसं सांगितलं. तो कुरकुरला, पण आमच्यासोबत फुटपाथवर आला. आणि उन्हात त्या मोठ्या स्क्रीनवर काहीच दिसेना. माझाच चेहरा दिसत होता. मी स्क्रीनवर हात धरला, वाकडी झाले, तरी समोरचं झाड दिसेना.

"आंधळा हाय," आबा म्हणाले. "डोळं असल्यालं दुसरं काय हाय का?"

आत एक काळा, जाडसर कॅमेरा होता. त्याला वरच्या बाजूला डोळा लावून बघायचं छोटं भोक होतं. उन्हात नेऊन मी डोळा लावला. रस्त्यापलीकडच्या तारेवर एक साळुंकी बसली होती, तिच्या डोळ्याभोवतीचा पिवळा रंग स्वच्छ दिसला. मला वाटतं मी काहीतरी बोलले, कारण आबांनी माझ्याकडे रागानं बघितलं. मी लगेच तोंड पाडलं.

"हा शेवटचा पीस आहे," दुकानदार म्हणाला. "कंपनीनं बंद केलंय हे मॉडेल. सारोळ्याचे एक जण दुपारी बघायला येणारेत."

आबांनी खोडी काढायला सुरुवात केली. जड आहे. रंग उडेल. पोरीच्या हाताला मोठा होतो. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून उजव्या हातावर टाकला आणि तो हात काचेवरून पुढं केला. बैलबाजारात असाच भाव ठरतो, टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून, म्हणजे बाजूच्यांना कळत नाही.

दुकानदारानं टॉवेलाकडे बघितलं. "काका, ह्यानं काच पुसू नका, चरे पडतात," तो म्हणाला आणि त्यानं एक मऊ फडकं आबांच्या हातावर ठेवलं. "हे फ्री आहे. पण किंमत फिक्स आहे."

आबांनी फडकं काचेवर ठेवलं. "चल गं," म्हणाले आणि चालू लागले.

मी त्यांच्या मागं गेले. तेव्हा मला बोलता आलं असतं, पण दुकानात, परक्या माणसासमोर, आबांना चुकीचं ठरवायला माझी जीभ रेटली नाही. कोपऱ्यावर चहाचा गाडा होता. आबा दुकानाकडे पाठ करून बसले. "ईल हाक," म्हणाले. आम्ही चहा प्यायलो. मग अजून एक घेतला. प्रत्येक मोटारसायकल थांबली की मला वाटायचं, सारोळ्याचे ते हेच. आबा मागं बघत नव्हते, पण चपलेचा आवाज आला की त्यांची मान थोडी वळायची.

शेवटी मी म्हणाले, "आबा, इथं हाक मारत नाहीत."

"आजाबात न्हाई?"

"नाही."

त्यांनी रिकामा ग्लास गाड्यावर ठेवला. "आन तुला त्योच पायजे?"

"व्हय."

उठून गेलेला माणूस बाजारात माघारी फिरत नाही. फिरला तर लोक वर्षभर हसतात. आबांना मी कधी फिरताना बघितलं नव्हतं. ते उठले, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि माझ्यापुढं चालत दुकानात गेले.

"त्यो काळा द्या," ते म्हणाले. "तुमी सांगितला त्योच भाव."

दुकानदार हसला नाही. त्याचे मी अजून मनात आभार मानते.

परतीला कापूरहोळला गाडी बदलताना गावातले एक काका भेटले. खोकं बघून त्यांनी विचारलंच, "काय घेतलं?"

"क्यामेरा. पोरीला."

"भाव पाडला का न्हाई?"

"लई सांगत व्हता," आबा म्हणाले. "उठून चालाय लागलो, तवा आला मागं पळत." आणि ते हायवेकडे बघू लागले, माझ्याकडे नाही.

काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "खरं का गं?"

"व्हय काका," मी म्हणाले. "चहाच्या गाड्यापातुर आला."